नेस्तोर बेर्तोलोत्तीचं सभासदत्व

लोस साउसेस, ११ फेब्रुवारी २०१९

प्रिय हायदे,

नवीन वर्षाचं कार्ड पाठवून दीड महिना होतोय तोच माझं पत्र बघून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही. आपल्या दोघांच्या ओळखीतलं आता जायला उरलंय तरी कोण, तू आणि मी सोडून? फोन केला असता, पण तू उचलत नाहीस हे मला ठाऊक आहे. का उचलत नाहीस तेही ठाऊक आहे.

तर ऐक. क्लब नेस्तोरला पुन्हा सभासद करून घेतोय.

कँटीनच्या भिंतीवर आमच्या पंचाहत्तर सालच्या संघाचा फोटो आहे. मध्यंतरी कुणीतरी त्याच्यासमोर बिअरचा फ्रीज आणून ठेवला, आणि तो फोटो तिथे आहे हे आम्ही विसरूनच गेलो. मागच्या हिवाळ्यात फ्रीज बिघडला. तो हलवायला आमची मिकाएला आली. ही मुलगी नळ दुरुस्तीची कामं करते, आणि मुलींच्या संघात गोलकीपर आहे. दोन्हीकडे सारखीच दणकट. तिने फोटोवरची धूळ बाहीने पुसली आणि ओरडली, "अहो फ्लाको, हे तुम्ही? एवढे काटकुळे?"

"म्हणून तर फ्लाको म्हणतात," मी म्हटलं. "पोट सुटलं तरी नाव सुटलं नाही."

मग ती एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारत गेली. हा कोण, तो कोण. चेंडू मांडीत धरून पुढे बसलेल्या पोरावर बोट आलं. मी म्हटलं, "हा नेस्तोर. डाव्या कडेने खेळायचा, आणि त्याच्या मागे बॅकला मी."

"आणि आता काय करतो?"

हायदे, असं सहज विचारलं तिने. मग बसलो आणि संध्याकाळपर्यंत सगळं सांगितलं. लष्करी राजवट, सत्त्याहत्तर साल, कारखान्यातल्या युनियनचं त्याचं काम, त्याला उचलून नेणारी ती गाडी. ती मातेचा कडू चहा पीत ऐकत होती. शेवटी फक्त एवढंच म्हणाली, "आणि तुम्ही त्याच्यासमोर फ्रीज ठेवलात?"

डिसेंबरच्या सर्वसाधारण सभेत तिने विषय मांडला. एक जण उठून म्हणाला, "इथे फुटबॉल चालतं. राजकारण गेटबाहेर ठेवा." त्यावर मिकाएला म्हणाली, "बरोबर आहे. सरावाहून घरी जाताना त्याला नेलं, बूट खांद्यावर होते. राजकारण गेटबाहेरच उभं होतं, गाडी चालू ठेवून."

थोड्या मतांच्या फरकाने का होईना, ठराव मंजूर झाला. चोवीस मार्च हा त्या राजवटीत गायब झालेल्या सगळ्यांच्या स्मरणाचा दिवस. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सामन्याआधी मैदानाच्या मधोमध नेस्तोरचं कार्ड त्याच्या घरच्यांच्या हाती द्यायचं ठरलंय. घरची आता एक बहीणच, म्हणजे तू. ये. आणि त्याचा एखादा चांगला फोटो असेल तर आण. मुली मोठा फलक करणार आहेत, त्यावर त्याचा चेहरा आणि गायब झालेल्यांच्या आया मोर्चात डोक्याला बांधायच्या तो पांढरा रुमाल. मिकाएला विचारते की तुझ्या आईचा रुमाल अजून आहे का, आणि तो कँटीनमध्ये काचेत लावायला देशील का.

उत्तर लवकर दे.

तुझा फ्लाको
(आन्सेल्मो. विसरली असशील तर.)


पुएर्तो देसेआदो, २२ फेब्रुवारी २०१९

प्रिय फ्लाको,

तुझं पत्र काही दिवस टेबलावर न फोडता ठेवलं होतं. पाकीट जाड दिसलं, आणि जाड पाकिटांचा मला कंटाळा आहे.

मी येणार नाही. कारण सांगते, म्हणजे तू पुन्हा विचारणार नाहीस.

नेस्तोरला नेल्यानंतर त्याच हिवाळ्यात आई तुमच्या क्लबात गेली होती. मी बरोबर होते. तिचं मागणं मोठं नव्हतं. सूचना फलकावर एक ओळ लिहा, कुणी काही पाहिलं असेल तर कळवा, एवढंच. तेव्हाचे अध्यक्ष खुर्चीतून उठले नाहीत आणि तिला बस म्हणाले नाहीत. म्हणाले, "बाई, इथे खेळ चालतो." परत येताना आई त्यांचीच बाजू घेऊन मला समजावत होती, घाबरलाय गं बिचारा, त्यालाही मुलं आहेत. पुढच्या वर्षी क्लबाचं पत्र आलं. वर्गणी न भरल्यामुळे नेस्तोर बेर्तोलोत्ती यांचं नाव कमी करण्यात येत आहे. आईने ते वाचलं, घडी घातली आणि चुलीत टाकलं. त्या दिवशी मात्र तिने कुणाची बाजू घेतली नाही.

आता तेच नाव परत द्यायला मला बोलावता. देणारे वेगळे आहेत हे मला समजतं. ती मुलगी चांगली वाटते. पण हिरवळीवर उभं राहून, लाउडस्पीकरवर नाव ऐकून, हातात ते कार्ड घ्यायचं म्हणजे काय होतं ते मी सांगते. ज्याचं काही सापडलं नाही, त्याच्या नावाने मी कशाची तरी पोच देते. फ्लाको, जोवर कुणी मला काही देत नाही तोवर तो कुठेतरी बाहेरच गेलेला असतो. तू म्हणशील, सत्तर वर्षांची बाई आणि असलं बोलते. हो, बोलते.

रुमालाचं विचारलंस. तो आहे. देणार नाही. तुमच्या मुलींसाठी ते चिन्ह आहे, त्यांनी ते फलकावर रंगवावं, दंडावर गोंदवावं, माझी हरकत नाही. माझ्याकडचा तो आईचा रुमाल आहे. कधीकधी काढते, इस्त्री करते, परत ठेवते.

इथे सगळं ठीक आहे. वारा आहे. शेजारची बाई रविवारी पाव आणून देते आणि दारातूनच जाते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दिवसभरात मोठ्याने बोलायची वेळ फारशी येत नाही. या गावात मी नेस्तोरचं नाव कधी काढलं नाही. मी एकुलती एक आहे असंच सगळे समजतात.

रागावू नकोस.

हायदे


लोस साउसेस, ४ मार्च २०१९

प्रिय हायदे,

रागावलो नाही. तुझं पत्र वाचून बराच वेळ बाहेर गवतावर पाणी मारत उभा होतो, माळ्याने येऊन नळ बंद केला.

ती चुलीतल्या पत्राची गोष्ट मला माहीत नव्हती. त्या वर्षी मी सैन्यात सक्तीच्या नोकरीवर दक्षिणेला होतो, परत आलो तेव्हा तुमचं घर बंद होतं. तुला ये म्हणून पुन्हा विचारणार नाही.

पण इथली हकिगत लिहितो, कारण दुसऱ्या कुणाला सांगू? बायको गेली, मुलगा स्पेनमध्ये, त्याला फोनवर फुटबॉलबद्दल बोललो की तो म्हणतो, बाबा, औषध घेतलंत का.

आमचे अध्यक्ष इतुर्बे. सभेत ठरावाच्या विरुद्ध हात वर करणारा पहिला माणूस हाच. आता डिसेंबरात क्लबाची निवडणूक आहे, आणि कुठल्याशा पेपरवाल्याने फोन करून त्याचं कौतुक केलं. लगेच नेस्तोर त्याचा लंगोटीयार झाला. परवा म्हणतो, "फ्लाको, फलकावर खाली बारीक अक्षरात माझं नाव टाकू."

मी म्हटलं, "टाका की. पण मग नेस्तोरशेजारी राहायला जावं लागेल तुम्हाला. तुम्हाला पत्ता माहीत असेल तर आम्हालाही सांगा."

त्याचा चेहरा पडला. मिकाएला हसली नाही. तिने हातातला पाना टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली.

दुसरीकडे गोलमागच्या स्टँडमधली पोरं कुरकुर करतायत. एक दिवस त्या पोरांच्या वडिलांच्या वयाचा एक जण कँटीनमध्ये येऊन म्हणाला, त्या वेळी दोन्हीकडून माणसं मेली, तुम्ही एकाच बाजूचं कार्ड काढता. मी म्हटलं, तुझ्या बाजूचा आपल्या क्लबाचा कुणी गायब असेल तर नाव सांग, त्याचंही काढू. तो गेला. पण तो एकटाच आहे असं नाही.

आता तुला एकच विचारायचं आहे. तू येऊ नकोस. पण आम्ही करू ना? तू नको म्हणालीस तर मी जाऊन सांगेन की बहीण नको म्हणते, आणि विषय तिथेच संपेल. मिकाएला रडेल, पण ऐकेल.

तुझा फ्लाको


पुएर्तो देसेआदो, १३ मार्च २०१९

फ्लाको,

करा.

भाषण नको. इतुर्बेचं तर मुळीच नको. कार्ड तू घे, तू त्याच्या मागे खेळत होतास. खुर्ची वगैरे रिकामी ठेवू नका, मला असल्या नाटकांचा तिटकारा आहे.

सोबत फोटो पाठवते. ओळखपत्रावरचा नाही, तो सगळीकडे फिरतो आणि त्यात तो चोरासारखा दिसतो. हा अंगणातला आहे. हसतोय, कारण आईने त्याच वेळी मला मागून ओरडून काहीतरी म्हटलं होतं. काय ते आठवत नाही.

काम झालं की परत पाठव.

हायदे


लोस साउसेस, २६ मार्च २०१९

प्रिय हायदे,

झालं! आणि कसं झालं म्हणून सांगू!

ऊन छान होतं. स्टँड गच्च भरलेलं. मुलींचा फलक वरच्या कठड्यापासून खालपर्यंत सोडला होता, नेस्तोरचा हसरा चेहरा एवढा मोठा की शेजारच्या बसथांब्यावरून दिसत होता म्हणे. त्याचं नाव पुकारल्यावर सगळं स्टँड उभं राहिलं. सगळं. पाच मिनिटं टाळ्या थांबेनात. गोलमागच्या पोरांनीसुद्धा त्याचं नाव घेऊन गाणं म्हटलं, ज्यांची मला धास्ती होती त्यांनीच. इतुर्बे बाजूला गुपचूप उभा होता, एक शब्द बोलला नाही. संघाचे खेळाडू रांगेत उभे राहिले, कप्तानाने कार्ड माझ्या हातात दिलं. मी रडलो, पण लांबून कुणाला कळलं नसेल.

मला एवढंच वाटलं की तू हे बघायला हवं होतंस. तुझ्या आईने बघायला हवं होतं.

एक शून्यने जिंकलोसुद्धा.

फोटो आणि कार्ड दोन्ही पाठवतो, नोंदणी करून. पत्ता तोच ना?

तुझा फ्लाको


पुएर्तो देसेआदो, ६ एप्रिल २०१९

प्रिय फ्लाको,

तुझं पत्र सुंदर आहे. दोनदा वाचलं. तसं झालं असतं तर फार बरं झालं असतं.

मी तिथे होते.

फोटोचं पाकीट पोस्टात टाकून घरी आले आणि घरात बसवेना. आठवडाभर कशीबशी राहिले, मग गुरुवारी बस पकडली. शेजारच्या बाईला सांगितलं, दातांच्या डॉक्टरकडे जाते. दीड दिवस बसमध्ये बसून मी ठरवत होते की उतरल्यावर तुझ्याकडे यायचं की नाही. ठरलंच नाही. सरळ मैदानावर आले, तिकीट काढलं, आणि सगळ्यांसारखी रांगेत उभी राहिले.

गेटवर माझ्यापुढे मिकाएला होती. तू ती कशी दिसते ते लिहिलं नव्हतंस, पण ओळखली. चार मुली आणि मधे गुंडाळलेला फलक. रक्षकाने तो उलगडायला लावला. म्हणाला, "राजकीय मजकूर आत नेता येत नाही."

"मजकूर कुठाय यात? चेहरा आहे."

"चेहरा राजकीय आहे."

"हा आमच्या क्लबाचा डाव्या कडेचा खेळाडू आहे!"

"पांढरा रुमाल काढलाय ना त्यावर? मग संपलं. मला वरून सांगितलंय, ताई, मी काय करू?" त्याने फलक घेतला, भिंतीशी टेकवून ठेवला. गुंडाळी आपोआप थोडी उलगडली आणि नेस्तोरचा एक डोळा बाहेर दिसत राहिला. मी त्याच्याजवळून आत गेले. थांबले नाही. मागे रांग होती.

इतुर्बे बाजूला उभा नव्हता. तो आलाच नव्हता. खेळाडू रांगेत नव्हते, ते एका टोकाला गुडघे वर करत पळत होते. तू एकटा चालत मैदानाच्या मध्यापर्यंत गेलास. तुझा पाय दुखतो हे तू मला कधी लिहिलं नाहीस. लाउडस्पीकरवाल्याने "बेर्तोलिनी" म्हटलं. मग शिट्ट्या सुरू झाल्या. हुर्यो उडवायच्या शिट्ट्या कशा असतात हे मी नेस्तोरचे सामने बघायला यायची तेव्हापासून ओळखते, मला कुणी टाळ्या म्हणून विकू शकत नाही. अर्ध्या स्टँडच्या शिट्ट्या, उरलेले चोरिपानचे सॉसेज-पाव खात होते. कुणीसं पोरगं धावत आलं, तुझ्या हातात कार्ड कोंबलं आणि पळालं.

तू तिथून हलला नाहीस. मला वाटलं आता जाशील. पंच घड्याळ दाखवत होता. तू कार्ड छातीशी धरून, स्टँडकडे तोंड करून उभा. शिट्ट्या मारणारे दमेपर्यंत उभा होतास.

आणि त्या चार मुली. त्यांनी चोरिपानवाल्याकडून कागदी रुमाल उचलले आणि डोक्यावर ठेवले, दोन्ही हातांनी धरून. हात सुटला की उडायचे. मग दुसरा घ्यायच्या. त्यांना बघून काही लोक हसले. मीही हसले, फ्लाको. आई असती तर तिलाही हसू आलं असतं.

माझ्या शेजारी एक माणूस होता, पन्नाशीचा, टोपी घातलेला, सूर्यफुलाच्या बिया फोडत. तोही शिट्टी मारत होता, बोटं तोंडात घालून. मी विचारलं, "कुणाला मारताय?"

"काय माहीत, बाई. कसलं तरी राजकारण आहे. सामना सुरू करा म्हणावं."

मी म्हटलं, "तो माझा भाऊ आहे."

त्याने मैदानात बघितलं. "तो लंगडणारा?"

"नाही. ज्याचं कार्ड आहे तो."

त्याने बोटं तोंडातून काढली. टोपी काढली, मग ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना. बियांची पुडी माझ्यापुढे धरली. मी घेतल्या. सामना सुरू झाला. बऱ्याच वेळाने तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "कसा खेळायचा?"

फ्लाको, इतक्या वर्षांत मला वकिलांनी विचारलं, न्यायाधीशांनी विचारलं, पत्रकारांनी विचारलं. कधी नेलं, गाडी कुठल्या रंगाची, अंगात काय कपडे होते. कसा खेळायचा हे एकानेही विचारलं नाही. मग सांगायला लागले. तो चेंडू पायाखाली थांबवून कमरेवर हात ठेवून उभा राहायचा, बॅक जवळ येईपर्यंत. मग बाहेरच्या बाजूने निघून जायचा. नेहमी बाहेरच्याच. सगळ्यांना माहीत असायचं, तरी कुणाला अडवता यायचं नाही. आणि मागे वळून त्या बॅकला म्हणायचा, "माफ कर हं." चेष्टेने नव्हे, खरंच. हेडिंग टाळायचा, मोजे खाली सोडायचा, आई ओरडायची. पूर्वार्धभर मी बोलत होते. समोर गोल झाला तेव्हा सगळे उठले, आम्ही दोघं बसलेलो. तो मधेच म्हणाला, "डावखुरा होता की नुसता डावीकडून खेळायचा?" मी म्हटलं, डावखुरा, लिहायचासुद्धा डाव्या हाताने. हे मी स्वतः विसरले होते.

सामना संपल्यावर लोक गेले. तू खाली राखीव खेळाडूंच्या बाकावर एकटा बसला होतास, कार्ड गुडघ्यावर. मी खाली उतरले. स्टँड आणि मैदान यांच्यामधल्या जाळीचं दार कुलूपबंद होतं. मी हाक मारली. तीनचारदा मारली, हात वर केले. तू वळला नाहीस. मग एक माणूस झाडू घेऊन आला आणि म्हणाला, बाई, बंद करायचंय. संध्याकाळची बस होती, ती पकडली.

तू खोटं लिहिलंस म्हणून मी रागावलेली नाही. मलाही दातांचा डॉक्टर सांगता येतोच. पण यापुढे मला जे झालं ते लिही. खोटं सांगणारे लोक मला आयुष्यात पुष्कळ भेटले, त्यांच्यात तू नको.

फोटो पाठव. कार्ड पाठवू नकोस. तिथेच असू दे, तुमच्यात. आत जायला त्याला लागेल.

हायदे


लोस साउसेस, १७ एप्रिल २०१९

हायदे,

तुझं पत्र घेऊन मी रिकाम्या स्टँडमध्ये जाऊन बसलो. तू कुठे बसली असशील ते शोधत होतो.

खोटं लिहिलं. शनिवारी घरी आल्यावर जे झालं तेच लिहायला बसलो होतो. "प्रिय हायदे, त्यांनी शिट्ट्या मारल्या" एवढं लिहिलं आणि तू ते एकटी, त्या वाऱ्यात, टेबलाशी बसून वाचतेयस असं डोळ्यांपुढे आलं. मग दुसरा कागद घेतला. पुन्हा लिहिणार नाही.

आता खरं लिहितो. फलक आम्हाला सोमवारी परत मिळाला, कोपरा फाटलेला. मिकाएलाने तो शिवला आणि कँटीनमध्ये लावला. इतुर्बे म्हणाला, निवडणूक होईपर्यंत उतरवा. तो अजून तिथेच आहे. उद्या असेल की नाही ते सांगता येत नाही. तीन जणांनी कँटीनमध्ये यायचं सोडलं, त्यात माझा चाळीस वर्षांपासूनचा पत्त्यांचा जोडीदार आहे. मी आता एकट्याने पत्ते लावतो.

तुझा टोपीवाला माणूस मला माहीत आहे. नाव लादिस्लाओ, दुधाची गाडी चालवतो. परवा कँटीनमध्ये उभा राहून फोटोकडे बोट दाखवत दोन पोरांना सांगत होता, "हा बेर्तोलोत्ती. चेंडू थांबवायचा आणि कमरेवर हात ठेवून वाट बघायचा. बॅकला चकवल्यावर त्याची माफी मागायचा, अशी मान वळवून." मान वळवूनसुद्धा दाखवली. त्याचा जन्म झाला तेव्हा नेस्तोर शाळेत जात असेल. पण सांगत असा होता जसा स्वतः कठड्याला टेकून बघितलंय. हे याला कुठून कळलं या विचारात मी दिवसभर होतो. दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. मी त्याला काही बोललो नाही. बोलू दे.

कार्ड फोटोच्या चौकटीत खोचलंय. माझा डावा कान गेल्या दोन वर्षांत पूर्ण गेलाय, हेही मी तुला लिहिलं नव्हतं. बाकावर बसलो की स्टँड डावीकडे येतं. तुझी एकही हाक मला ऐकू आली नाही.

पण तू लिहितेस की मी वळलो नाही, ते तसं नाही. उठताना एकदा वळलो होतो. तोवर तू पायऱ्या चढून निघाली असशील. वरच्या दारात एक बाई थांबून मागे बघत होती, आणि तिने हात वर केला. ऊन डोळ्यांवर होतं, मला चेहरा दिसला नाही. वाटलं, कुणाची तरी आजी असेल, नातवाला बोलावत असेल. माझ्या मागे कुणी पोरगं आहे का बघितलं. कुणी नव्हतं. मग बरं दिसत नाही म्हणून मीही हात हलवला, आणि ती गेली.

हायदे, तुझा कोट निळा होता का?

फ्लाको